अंशतः समकक्ष

जर्मनीत नोकरी मिळणे हा या सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत सोपा भाग होता, हे आधीच सांगून टाकते. व्हिडिओ कॉलवरची माझी मुलाखत जेमतेम २५ मिनिटे चालली. तेव्हा माझ्याकडे जर्मन भाषेचे बी १ पातळीचेच प्रमाणपत्र होते, मुलाखत घेणाऱ्या बाईंचे निम्मे बोलणे मला अंदाजाने कळत होते, आणि तरीही नवव्या दिवशी सही करण्यासाठी करार आला. ते २०२१ सालचे दिवाळीचे दिवस होते. त्यानंतर जर्मनीच्या कायद्याने मला पुन्हा परिचारिका म्हणेपर्यंत अडीच वर्षे गेली, आणि सांगण्यासारखे जे काही आहे ते या अडीच वर्षांतलेच आहे.

मी मूळची मिरजेची. दवाखान्यांच्या या गावात नर्सिंगला जाणे ही फार विचार करून ठरवायची गोष्ट नसते; शेजारची ताई जाते, म्हणून आपण जातो. मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा पदविका अभ्यासक्रम, केले ते जुन्या, साडेतीन वर्षांच्या अभ्यासक्रमानुसार. त्यानंतर पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात ९ वर्षे काढली. आमच्या चेंजिंग रूममध्ये परदेशाचा विषय निघाला नाही असा आठवडा जात नसे. आखातात जायचे तर डेटाफ्लोची कागदपडताळणी आणि प्रोमेट्रिकची परीक्षा, इंग्लंडला जायचे तर ओईटी ही इंग्रजीची परीक्षा, मग संगणकावरची परीक्षा आणि तिथे पोहोचल्यावर ओस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा, ही सगळी नावे आम्हाला औषधांच्या नावांसारखी पाठ होती. जर्मनीचा रस्ता त्या मानाने नवा होता आणि आडवळणाचा वाटत असे, कारण तिथे इंग्रजी चालत नाही. मी तो निवडला त्यामागे फार मोठा अभ्यास नव्हता. भाषेच्या वर्गाची फी, विमानाचे तिकीट आणि परीक्षेचा खर्च नोकरी देणारी संस्था करते, उमेदवाराकडून पैसे घेत नाही, असे सोबतच्या एका सिस्टरकडून कळले. आणि साठवलेले पैसे माझ्याकडे नव्हते. तिथे माणसांची गरज किती आहे, हे आकडे मी नंतर वाचले. जर्मनीच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ च्या सुरुवातीला जाहीर केलेल्या अंदाजानुसार २०४९ पर्यंत त्या देशाला २ लाख ८० हजार ते ६ लाख ९० हजार शुश्रूषा कर्मचारी कमी पडणार आहेत. एवढी टंचाई असताना आपल्याला अडवेल कोण, असे कुणालाही वाटेल. मलाही वाटले होते.

भाषेबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यावर सगळेच बोलतात. नाईट ड्युटी संपवून सकाळी साडेनऊच्या वर्गाला बसणे आणि 'देर, दी, दास' ही नामांची लिंगे दाखवणारी उपपदे घोकणे मी दीड वर्ष केले. गोएथे या जर्मन भाषेच्या संस्थेच्या बी २, म्हणजे बी १ च्या पुढच्या पातळीच्या, परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार स्वतंत्र विभाग असतात आणि प्रत्येकात १०० पैकी किमान ६० गुण लागतात. माझे तीन विभाग पहिल्या खेपेत सुटले. श्रवणात ५३ आले. एकच विभाग पुन्हा देता येतो ही सोय नसती, तर मी बहुधा तिथेच थांबले असते.

पहिल्या एजंटाचा अनुभव मात्र जरा सविस्तर सांगायला हवा. जर्मन रुग्णालयाशी थेट संबंध येण्यापूर्वी मी पुण्यातल्या एका एजन्सीत नाव नोंदवले होते. त्यांनी पैसे मागितले नाहीत, म्हणून मी निर्धास्त होते. पण 'पडताळणीसाठी' म्हणून माझी मूळ गुणपत्रके आणि नोंदणी प्रमाणपत्र ठेवून घेतले. पाच महिने झाले तरी काहीच हालचाल दिसेना, तेव्हा मी कागद परत मागितले. त्यावर मी सही केलेल्या अर्जातले एक बारीक अक्षरातले कलम माझ्यापुढे धरण्यात आले. मध्येच माघार घेतल्यास भाषावर्गाचा 'संपूर्ण खर्च' भरावा लागेल, असे त्यात होते, आणि तो खर्च किती हे कुठेही लिहिलेले नव्हते. शेवटी बाबा मिरजेहून आले, त्या ऑफिसात दोन तास काहीही न बोलता बसून राहिले, आणि संध्याकाळी कागद मिळाले. बाबांना कायद्यातले काही कळत नव्हते. फक्त त्यांना उठायची घाई नव्हती. आज कुणी विचारले तर मी एवढेच सांगते की मूळ प्रमाणपत्र पडताळणीसाठी दाखवायचे असते, ठेवायचे नसते, आणि परतफेडीचे कलम असेल तर त्यात रक्कम आणि मुदत आकड्यांत लिहून घ्यावी.

यानंतर आले ते कागद. जर्मनीत परिचारिकेचा व्यवसाय कायद्याने बांधलेला आहे, म्हणजे परदेशी शिक्षण तिथल्या शिक्षणाच्या तोडीचे असल्याची मान्यता मिळाल्याशिवाय तुम्हाला परिचारिका म्हणून काम करता येत नाही. या मान्यतेला 'आनेर्केनुंग' म्हणतात. ती केंद्र सरकार देत नाही. देशात १६ राज्ये आहेत आणि ज्या राज्यात नोकरी, त्या राज्याचे कार्यालय तुमची फाईल तपासते. तपासणी कशी होते, तर तासांनी. तिथल्या तीन वर्षांच्या शिक्षणात २१०० तास वर्गातले आणि २५०० तास प्रत्यक्ष कामाचे असतात, आणि तुमच्या शिक्षणातला प्रत्येक विषय व प्रत्येक वॉर्ड या मापाशेजारी ठेवला जातो. त्यामुळे मला किती टक्के मिळाले याच्याशी त्या कार्यालयाला कर्तव्य नव्हते. बालरुग्ण विभागात किती तास, मनोरुग्ण विभागात किती तास, रुग्णाच्या घरी जाऊन किती तास, हा तक्ता त्यांना हवा होता, तोही कॉलेजच्या सही-शिक्क्यानिशी.

असा तक्ता माझ्याकडे नव्हता आणि माझ्या कॉलेजने तो कुणाला दिल्याचे कुणाच्या स्मरणात नव्हते. मी रजा टाकून तीनदा गेले. पहिल्या खेपेला प्राचार्या बाहेरगावी होत्या. दुसऱ्या खेपेला क्लार्क म्हणाले, "अहो सिस्टर, पोस्टिंगची रजिस्टरं २०१९ च्या महापुरात भिजली." ती पूर्ण गेली नव्हती. तिसऱ्या खेपेला कपाटाच्या वरच्या फळीवरून माझ्या तुकडीचे रजिस्टर निघाले, कडा तपकिरी पडलेल्या, पाने एकमेकांना चिकटलेली. ती पाने पट्टीने सोडवत मी आणि क्लार्क दुपारभर बसून बेरजा करत होतो. माझेच सोळा-सतरा आठवड्यांचे सर्जिकल पोस्टिंग, त्यातल्या सुट्ट्या, त्यातली एक आजारपणाची रजा. दहा वर्षांपूर्वी आपण कुठल्या मंगळवारी कुठे उभ्या होतो, हे परक्या देशाला सांगण्यासाठी पुन्हा मोजावे लागते, याची मला तेव्हा गंमत वाटली नव्हती, आता वाटते.

अनुभवाच्या दाखल्याची गोष्ट याहून वेगळी. कामाचा अनुभव दाखवला तर शिक्षणातली काही तूट भरून काढता येते, अशी तिथल्या कायद्यात सोय आहे, म्हणून नऊ वर्षांचा दाखला मी मोठ्या आशेने जोडला. आपल्याकडचे दाखले कसे असतात हे वाचकांना माहीत असेलच. 'सिन्सिअर, हार्डवर्किंग, वर्तणूक चांगली, पुढील वाटचालीस शुभेच्छा.' आठवड्याला किती तास, किती खाटा, कोणत्या प्रकारचे रुग्ण, व्हेंटिलेटरवरचे किती, यातले एक अक्षर त्यात नव्हते. रुग्णालयाने नवा दाखला द्यायला नकार दिला, कारण 'फॉरमॅट ठरलेला आहे'. अखेर आमच्या इन्चार्ज सिस्टरनी आपल्या जबाबदारीवर विभागाचे दीड पानी वर्णन लिहून दिले, आणि त्या दीड पानाने माझे पुढे कित्येक महिने वाचवले. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी आणि तिच्याकडून मिळणारा चांगल्या वर्तणुकीचा दाखला हे त्या मानाने सरळ काम होते. वेळ लागला, पण वाद झाला नाही. मग सगळ्या कागदांचे शपथबद्ध अनुवादकाकडून जर्मन भाषांतर झाले आणि फाईल गेली.

सात महिन्यांनी निर्णय आला. त्या पत्राला तिकडे 'डेफिझिटबेशाइड' म्हणतात, म्हणजे सरळ मराठीत तुटीची नोटीस. सहा पानांचे ते पत्र मी रात्रपाळीत, पहाटे चारच्या सुमारास मोबाईलवर वाचले. समोर तीन व्हेंटिलेटर चालू होते, एका रुग्णाचा रक्तदाब सावरण्यासाठी नॉरअॅड्रेनलिनचा वेग मी नुकताच वाढवला होता, आणि पत्रात लिहिले होते की माझे शिक्षण 'अंशतः समकक्ष' आहे. खाली तक्ता होता. डावीकडे जर्मन विषय, उजवीकडे माझी तूट: वृद्धांची दीर्घकालीन शुश्रूषा, घरी जाऊन करायची शुश्रूषा, पुनर्वसन, शुश्रूषेचा कायदा. वृद्धांच्या रकान्यात माझ्या शिक्षणाचे तास शून्य होते. ते खरेच होते, कारण जीएनएमला आमचे तसे वेगळे पोस्टिंग कधी झालेच नाही. पण अंथरुणाला खिळलेल्या आजीचे दोन वर्षे सगळे केले होते आईने आणि मी, आणि त्याचा तास कुठल्याही रजिस्टरात नव्हता. नोटीस वाचून मी रडले वगैरे नाही. पंपाचा अलार्म वाजला, मी उठले.

तूट भरून काढायचे दोन मार्ग होते. एक, ठरावीक महिन्यांचा पूरक प्रशिक्षणक्रम, ज्यात मोठी परीक्षा नसते पण वेळ जास्त जातो. दुसरा, 'केंटनिसप्रूफुंग' नावाची ज्ञानपरीक्षा, जी लवकर होते पण नापास झाल्यास एकदाच पुन्हा देता येते. मी परीक्षा निवडली. आता, २०२४ पासून, कायदा बदलला आहे आणि तासांची सविस्तर तुलना नको असेल तर ती सोडून देऊन सरळ यांपैकी एका मार्गाने जाता येते. माझ्या वेळी ही मुभा असती तर ते भिजलेले रजिस्टर कपाटातच राहिले असते.

व्हिसाचे काम मुंबईत झाले आणि त्यात सांगण्यासारखे काही नाही. मुलगा तेव्हा साडेतीन वर्षांचा होता आणि पहिले चौदा महिने तो मिरजेत माझ्या सासूबाईंकडे राहिला. याबद्दल मी लिहिणार नाही.

२०२३ च्या मार्चमध्ये मी श्टुटगार्टजवळच्या एका लहान गावातल्या रुग्णालयात, हाडांच्या शस्त्रक्रियांच्या वॉर्डात रुजू झाले. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी शहरे आहेत, हे पहिल्याच दिवशी मला एका वृद्ध रुग्णाने सांगितले. मी मुंबईची नाही हे मी त्यांना सांगितले नाही. मान्यता पूर्ण नसल्यामुळे माझे पद सहायिकेचे होते आणि पगारही सहायिकेचाच. करारावरच्या रकमेतून कर आणि आरोग्य, निवृत्तिवेतन, बेकारी व शुश्रूषा यांचे विमे कापले जाऊन साधारण सत्तर टक्के हातात येत. हे आधी कुणीतरी स्पष्ट सांगायला हवे, कारण घरी सगळ्यांनी करारावरची रक्कम रुपयांत मोजून ठेवलेली असते.

पहिल्या दिवशी सकाळी साडेसहाला मला चार खोल्या दिल्या गेल्या आणि सांगितले गेले की आठ वाजेपर्यंत रुग्णांचे अंग पुसणे, तोंड धुणे, कपडे बदलणे आणि खुर्चीत बसवणे आटोपायचे आहे. आपल्याकडे हे काम मावशी करतात किंवा नातेवाईक करतात. सिस्टर औषधे, इंजेक्शने, सलाईन आणि फाईल सांभाळतात. तिथे ते परिचारिकेचे काम आहे आणि वॉर्डात नातेवाईक नसतात. उलट शिरेत सुई घालणे आमच्या वॉर्डात डॉक्टरांकडे होते. दुसऱ्याच आठवड्यात एक तरुण डॉक्टर एका आजींची शीर शोधत होते. पहिल्यांदा टोचले, शीर फुटली. दुसऱ्यांदा टोचले, सरकली. मी ट्रे धरून उभी होते. मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूला एक सरळ शीर मला बोट न लावताही दिसत होती. शॉकमधल्या रुग्णांच्या शिरा ज्या हातांनी नऊ वर्षे शोधल्या, ते हात ट्रे धरून होते. तिसऱ्यांदा त्यांना तीच शीर मिळाली. मी नंतर शौचालयात जाऊन पाच मिनिटे बसले.

भाषेने तर वेगळीच फजिती केली. बी २ पर्यंत जी जर्मन शिकवतात ती पुस्तकातली. त्या भागात लोक श्वेबिश बोलतात. खुब्याचा सांधा बदललेल्या एक बाई वॉकर धरून उभ्या राहत होत्या आणि मला म्हणाल्या, "हेब मी!" पुस्तकात 'हेबेन' म्हणजे उचलणे. मी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उचलायला गेले, आणि त्या किंचाळल्या. शेजारच्या खाटेवरून सहकारी धावत आली. श्वेबिशमध्ये 'हेबे' म्हणजे धरणे. त्या मला फक्त धरायला सांगत होत्या. उचलण्याला तिथे 'लुप्फे' म्हणतात. सुदैवाने सांध्याला काही झाले नाही, पण अपघात-नोंद झाली आणि ती बरोबरच होती. याच भाषेत 'फूस' हा शब्द पुस्तकातल्याप्रमाणे केवळ पावलाला नाही, तर मांडीपासून खालच्या सगळ्या पायाला वापरतात. जर्मनमध्ये तंगडी आणि पाऊल यांना वेगळे शब्द आहेत हे मी मोठ्या कष्टाने डोक्यात बसवले होते, आणि इथले लोक अगदी आपल्यासारखेच सगळ्याला 'पाय' म्हणत होते. पाय दुखतो असे म्हटल्यावर नेमके कुठे, हे विचारायची सवय मला मिरजेतच होती. ती पुन्हा उपयोगी पडली.

अंग पुसण्याच्या कामाबद्दलचा माझा राग उतरला तो परीक्षेची तयारी करताना, आणि त्याचे कारण एक कायद्याचे कलम होते. १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या तिथल्या शुश्रूषा-व्यवसाय कायद्यात काही कामे केवळ पात्र परिचारिकेसाठी राखीव आहेत: रुग्णाला कोणत्या शुश्रूषेची गरज आहे हे ठरवणे, तिची आखणी व नियंत्रण करणे, आणि तिचा परिणाम तपासणे. ही कामे रुग्णालयाचा मालकसुद्धा दुसऱ्या कुणाला देऊ शकत नाही. आपल्याकडे मला डॉक्टरांच्या आदेशाशिवाय फारसे काही ठरवता येत नव्हते, पण हातांना मोठी मुभा होती. इथे हातांची मुभा कमी आणि ठरवण्याचा हक्क लेखी. अंग पुसताना तुम्ही कातडी बघता, टाचेवरची लाली बघता, श्वास ऐकता, रुग्ण किती हलू शकतो ते बघता, आणि त्यावरून आखणी करता. दाबव्रण, पडणे, रक्ताच्या गुठळ्या, न्यूमोनिया, सांधे आखडणे, बद्धकोष्ठ, या प्रत्येकाला टाळण्याच्या उपायांना तिथे 'प्रोफिलाक्से' म्हणतात आणि हा शब्द दिवसातून पन्नासदा कानावर पडतो. मला हे सगळे पटले असे नाही. नऊ वर्षांच्या हातांना ट्रे धरायला लावण्यात शहाणपण आहे, असे मला आजही वाटत नाही.

परीक्षा २०२४ च्या फेब्रुवारीत झाली. तोंडी परीक्षा पाऊण तासापेक्षा थोडी जास्त चालली आणि ठीक गेली. प्रात्यक्षिक खऱ्या वॉर्डात, खऱ्या रुग्णावर असते. मला मिळालेल्या बाई ८१ वर्षांच्या होत्या, पक्षाघाताने डावी बाजू गेलेल्या. मी त्यांच्या डाव्या बाजूने जवळ गेले, जेणेकरून विसरल्या गेलेल्या बाजूकडे त्यांचे लक्ष जावे, कपडे घालताना अधू हात आधी बाहीत घातला, टाचा तपासल्या, पाण्याचे तापमान त्यांच्या चांगल्या हाताला विचारून घेतले. परीक्षक मागे उभ्या राहून लिहीत होत्या. घड्याळ पुढे सरकत होते, तेव्हा मी पायजम्याच्या शर्टाची पाच बटणे भराभर लावून टाकली. नंतरच्या चर्चेत परीक्षक बाईंनी बाकी काही विचारले नाही. त्यांनी विचारले, वरची दोन बटणे त्यांना उजव्या हाताने लावता येतात, हे तुम्ही सकाळी स्वतःच आखणीत लिहिले आहे. मग ती तुम्ही का लावलीत? माझ्याकडे उत्तर नव्हते. वेळ कमी होता, असे खरे ते सांगितले. त्या म्हणाल्या, वेळ नेहमीच कमी असतो. मी उत्तीर्ण झाले.

त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या, मी काम करत होते त्याच, राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केल्याची बातमी आली आणि गावाकडून मला फोन सुरू झाले. एप्रिलमध्ये, पोलिसांचा दाखला आणि वैद्यकीय दाखला जोडल्यावर, 'उर्कुंडे' मिळाले, म्हणजे परिचारिका ही पदवी लावण्याचा परवाना. पगाराची श्रेणी बदलली, राहण्याचा परवाना कुशल कामगाराचा झाला. अशा परवान्यावर तीन वर्षे झाली की, बाकीच्या अटी पूर्ण असल्यास, कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. मे महिन्यात मुलगा आणि त्याचे बाबा आले. शिरेत सुई घालण्याचे काम, वरिष्ठ डॉक्टरांनी माझे पाहून, लेखी परवानगीने आता मला दिले आहे.

माझी मावसबहीण सांगलीत जीएनएमच्या शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात तिचा फोन आला, "ताई, सुरुवात कुठून करू? क्लास कुठला लावू?" मी तिला क्लासचे काही सांगितले नाही, पगाराचेही नाही. कॉलेज सोडण्याआधी विषयवार आणि वॉर्डवार तासांचा तक्ता प्राचार्यांच्या सही-शिक्क्यासह घे, तीन प्रती घे, आणि रजिस्टरचे फोटो काढून ठेव, एवढेच सांगितले. ती दुसऱ्या दिवशी गेली. क्लार्कनी तिला विचारले, "हे कशाला हवंय? अजून तर तुझी परीक्षा व्हायचीय."